बाळ बाटली घेईल का?

पहिल्या महिन्याच्या तपासणीला आलेल्या आया बाटलीबद्दल दोन प्रश्न विचारतात, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट असतात. एकीला कामावर परतायचं असतं. ती विचारते, "डॉक्टर, आत्तापासूनच बाटलीची सवय लावू का? पुढे घेतलीच नाही तर?" दुसरीला घरच्यांनी बजावलेलं असतं, की बाटली लागली की बाळ अंगावर प्यायचं सोडतं. ती दबक्या आवाजात विचारते, "एकदाच दिली तर चालेल ना?" पहिलीला बाळ बाटली घेणार नाही याची धास्ती, दुसरीला ते बाटलीच धरून बसेल याची.

दोन्ही भीतींत तथ्य आहे. दोन्ही गोष्टी घडतात आणि दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच कारण असतं: दूध तोंडात किती वेगाने येतं. हा वेग समजला की बाटली कधी द्यायची, कोणी द्यायची, कशी धरायची, आणि मुळात बाटली हवी की वाटी, या प्रश्नांची उत्तरं सोपी होतात. म्हणून आधी अंगावरच्या दुधाबद्दल बोलू, मग बाटलीबद्दल.

१. अंगावर पिणारं बाळ नेमकं काय करतं?

तीन आठवड्यांचं बाळ छातीला नीट लागलेलं असताना जवळून पाहा. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी आईच्या छातीत रुतलेली, नाक मोकळं. तोंडात नुसतं बोंड नसतं, भोवतीच्या काळसर भागाचाही बराचसा हिस्सा आत गेलेला असतो. पहिलं मिनिटभर जबडा भरभर, छोटा छोटा हलतो. या वेळात दूध फारसं मिळत नाही. मग एकाएकी लय बदलते. जबडा सावकाश आणि खोल हलू लागतो, कानापाशी हालचाल दिसते, दर एक-दोन चोखण्यांनंतर गिळल्याचा हलका आवाज येतो. पान्हा फुटलेला असतो.

आत घडतं ते असं. चोखण्याचा निरोप बोंडातल्या नसांमार्फत मेंदूपर्यंत जातो. मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं आणि ते दुधाच्या ग्रंथींभोवतीचे बारीक स्नायू आवळतं. दूध पुढे ढकललं जातं. ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. धार काढण्याआधी वासरू कासेला लावतात, चार घोट पिऊ देतात, मग ओढून बाजूला बांधतात. वासरू जवळ नसलं किंवा धार काढणारा अनोळखी असला, की गाय पान्हा चोरते. बाईच्या शरीराचा नियमही तोच. दुखणं, दडपण, खोलीत चार नातेवाईक टक लावून बसलेले, यांनी पान्हा अडतो. निवांतपणा मिळाला की सुटतो, कधी कधी तर नुसतं बाळाचं रडणं कानावर आलं तरी.

पान्हा एकदाच येतो असंही नाही. काही मिनिटांनी धार मंदावते, बाळही मंदावतं, क्षणभर थांबतं, पुन्हा भरभर चोखून दुसरा पान्हा आणतं. सुरुवातीचं दूध पातळ असतं, पुढचं जास्त स्निग्ध. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पहिल्या आठवड्यांत त्याहून जास्तही. या काळात वेग ठरवतं ते बाळ. ते चोखेल तेव्हा दूध येतं, ते थांबलं की धारही ओसरते, आणि थोडी मेहनत केल्याशिवाय हाती काही लागत नाही.

२. बाटलीला पान्हा नसतो

बाटली उलटी धरली की दूध लगेच येतं. वाट पाहायला नको, मेहनत नको. बाळ थांबलं तरी निपलमधून थेंब पडतच राहतात. लहान बाळाचं गिळणं हे बरंचसं आपोआप होतं. घशाशी दूध आलं की ते गिळतं, नाही गिळलं तर ठसका लागतो. म्हणून आडवं झोपवलेल्या बाळाच्या तोंडात उभी बाटली धरली, तर ते साठ मिलिलिटर दूध पाच मिनिटांत संपवू शकतं. पोट भरल्याची जाणीव त्याला होईपर्यंत बाटली रिकामी झालेली असते.

इथे घराघरांत एक चुकीचा निष्कर्ष निघतो. रिकाम्या बाटलीकडे बघून आजी म्हणते, "बघ गं, केवढं भुकेलं होतं लेकरू! तुला दूधच पुरत नाही." आई खचते. वास्तविक बाळ भुकेलं असेल किंवा नसेलही. अंगावर पोटभर प्यायलेल्या बाळाच्या तोंडात बाटली दिली, तरी त्यातलं बरंचसं दूध ते गिळेल, कारण गिळण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. घटाघटा पिणं हा भुकेचा पुरावा नव्हे.

या गैरसमजाचे परिणाम मात्र खरे असतात. स्तनात दूध तयार होतं ते मागणीप्रमाणे. जितकं बाहेर काढलं जाईल तितकं पुढे तयार होतं, आणि स्तन भरलेला राहिला की शरीर उत्पादन कमी करतं. "दूध पुरत नाही" म्हणून वरच्या दुधाची एक बाटली दिली, की बाळ पुढचे तीन-चार तास झोपतं. त्या वेळी छातीला लागत नाही. छाती आधी दगडासारखी भरून येते, दुखते, आणि चार-आठ दिवसांत दूध खरोखरच कमी होतं. आजीचं म्हणणं मग खरं ठरतं, आणि दुसऱ्या बाटलीची तयारी सुरू होते.

छातीवर सावकाश येणाऱ्या धारेपेक्षा बाटलीची झटपट धार काही बाळांना आवडू लागते. मग छातीला लावलं की अर्ध्या मिनिटात चिडतात, मान झटकतात, रडतात. याला दवाखान्यांत निपल कन्फ्युजन म्हणतात. बाळ दोन बोंडांच्या आकारांत खरंच गोंधळतं का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. कितीतरी बाळं दोन्ही गोष्टी विनातक्रार घेतात. मला स्वतःला वेगाचं स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण त्यावर उपाय करता येतो.

३. तीन-चार आठवडे कशासाठी थांबायचं?

पूर्ण दिवसांचं, निरोगी बाळ असेल आणि बाटली द्यायचीच असेल, तर अंगावर पिणं बसेपर्यंत थांबावं. त्याला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. पण कॅलेंडरपेक्षा बाळाकडे आणि आईकडे पाहणं जास्त उपयोगाचं. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं. दोन आठवड्यांच्या आसपास ते पुन्हा जन्माच्या वजनावर आलेलं असलं पाहिजे. पाचव्या दिवसानंतर बाळाने चोवीस तासांत किमान सहा वेळा लघवी केली पाहिजे, तीही पिवळीजर्द नको. आणि पाजताना आईला दुखता कामा नये. बोंडाला चिरा पडलेल्या असताना, बाळ अजून नीट लागत नसताना बाटली आणली, तर मूळ दुखणं तसंच राहतं आणि वर नवी सवय लागते. अशा वेळी आधी बाळ छातीला कसं लागतं ते कोणा जाणत्या नर्सकडून किंवा स्तनपान सल्लागाराकडून सुधारून घ्यावं.

वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी. अपुऱ्या दिवसांचं बाळ, रक्तातली साखर उतरलेलं बाळ, अतिदक्षता विभागात असलेली आई, अशा वेळी पहिल्या दिवसापासून काढलेलं किंवा वरचं दूध द्यावं लागतं. ते डॉक्टर सांगतील तितकंच आणि सांगतील तसंच द्यावं. आपल्याकडे अशा बाळांना दूध सहसा नळीने, वाटीने किंवा चोचीच्या बोंडल्याने पाजतात. आईचं दूध मिळत नसेल तर दुसऱ्या आयांनी दान केलेलं, पाश्चराइज केलेलं दूध दुग्धपेढीतून मिळू शकतं. आशियातली पहिली दुग्धपेढी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

बाकीच्यांनी घाई कशाला करायची, हे रजेच्या हिशोबावरून दिसेल. कायद्यात २०१७ साली बदल झाल्यापासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. समजा, पुण्यातल्या एका बँकेत काम करणाऱ्या बाईंनी ते आठही आठवडे आधी घेतले. उरले १८. म्हणजे बाळ सव्वाचार महिन्यांच्या आसपासचं असताना त्या कामावर हजर होणार. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला दुधाशिवाय काही द्यायचं नसतं, पाणीसुद्धा नाही. म्हणजे काढलेल्या दुधावर पूर्ण मदार असेल ती साधारण आठ आठवडे. तेवढ्या काळासाठी सातव्या दिवशी बाटली हातात घेण्याचं कारण नाही. दुसरीने बाळंतपणाआधी दोनच आठवडे घेतले असतील, तर हा काळ दोन आठवड्यांवर येतो.

अर्थात हे गणित दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणचं. चार नोकरांच्या दुकानात काम करणारीला किंवा चार घरची धुणीभांडी करणारीला ही रजा मिळत नाही. तिला दीड महिन्यातच बाहेर पडावं लागतं. तिने चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा थोडं काढलेलं दूध दुसऱ्या कोणाच्या हातून पाजून पाहावं.

४. बाटलीच हवी का?

आपल्याकडचे बहुतेक बालरोगतज्ज्ञ बाटलीचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालतात. हा जुनाट हट्ट आहे असं तरुण आईबाबांना वाटतं. पण त्यामागे मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात एक बाटली फार खपत होती. तिला लांब रबरी नळी आणि टोकाला निपल असायचं, त्यामुळे बाळ एकटंच पडून पिऊ शकत असे. नळी आतून घासताच यायची नाही. आत साचलेल्या दुधात जंतू वाढत आणि बाळं जुलाबांनी दगावत. फ्रान्सने १९१० साली अशा नळीच्या बाटल्यांवर कायद्याने बंदी घातली. पुढे विसाव्या शतकात दुधाच्या भुकटीच्या कंपन्यांनी गरीब देशांत जाहिरातींचा मारा केला. स्वच्छ पाणी नाही, भुकटी परवडत नाही म्हणून दूध पातळ केलेलं, बाटली उकळायला इंधन नाही, अशा घरांत व्हायचं ते झालं. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने यावर आचारसंहिता मंजूर केली. भारताने १९९२ साली कायदा केला आणि २००३ साली तो आणखी कडक केला. त्यामुळे आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या भुकटीची आणि बाटलीची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुनेही वाटता येत नाहीत.

धोका बाटलीच्या रचनेतच आहे. दुधातली चरबी निपलच्या भोकाशी, कडीच्या आट्यांमध्ये, बाटलीच्या गळ्याशी चिकटून राहते. वाटीला असे कानेकोपरे नसतात. स्टीलची वाटी आणि चमचा साबणाने घासला, उकळला की काम झालं.

वाटीने पाजायची रीत अवघड नाही, पण ती शिकावी लागते. बाळ जागं हवं. त्याला मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं, मानेमागे आपला हात. वाटीची कड खालच्या ओठावर हलकेच टेकवायची आणि दूध ओठापर्यंत येईल इतकीच वाटी कलती करायची. मग थांबायचं. बाळ जीभ बाहेर काढून दूध चाटतं. थोडं मोठं झालं की सुरक करून ओढतं. तोंडात ओतायचं नाही. बोंडलं वापरत असाल तर त्याची चोच ओठांच्या कोपऱ्याशी टेकवून दूध थेंब थेंब सोडायचं, एक घोट गिळला की दुसरा. काही घरांत अजूनही बाळाला पायांवर उताणं घेऊन, रडत असताना बोंडलं रिकामं करतात. दूध श्वासनलिकेत जाण्याची ती पक्की तयारी आहे. आजीबाईंचा अनुभव मोठा असेल, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका.

वाटीने पाजताना थोडं दूध सांडतं, लाळेरं भिजतं. तरी दिवसातून एक-दोनदाच काढलेलं दूध द्यायचं असेल, घरी आजी किंवा बाबा असतील, तर माझं मत वाटीच्या बाजूने आहे. पण पाळणाघरात एका मावशींकडे पाच बाळं असतात. त्या प्रत्येकाला वाटीने वीस मिनिटं पाजत बसतील ही अपेक्षा करण्यात अर्थ नाही. तिथे बाटली येणारच. मग ती नीट वापरायला शिकलेली बरी.

५. दूध काढणं आणि ठेवणं

पंप नसला तरी चालतं. हात साबणाने धुवायचे. उकळलेली रुंद तोंडाची वाटी मांडीवर घ्यायची. छाती कोमट फडक्याने शेकून हलक्या हाताने चोळायची. अंगठा काळसर भागाच्या वरच्या कडेला, दोन बोटं खालच्या कडेला ठेवून आधी मागे, छातीच्या पिंजऱ्याकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायची. बोंड ओढायचं किंवा पिळायचं नाही. पहिल्या दोन-चार मिनिटांत थेंबच पडतात आणि इथेच बायका निराश होतात. थांबलं तर पान्हा येतो आणि वाटीत पाच-सहा बारीक धारा एकदम पडायला लागतात. समोर बाळ असेल किंवा त्याचा फोटो असेल, तर हे लवकर घडतं. सकाळच्या पाजण्यानंतर तासाभराने काढून पाहावं, तेव्हा सहसा जास्त मिळतं. पंपात किती साठलं यावरून आपल्याला दूध किती येतं हे ठरवू नका. चांगलं लागणारं बाळ पंपापेक्षा जास्त दूध काढतं.

किती ठेवायचं? अंगावर पिणारं बाळ एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत चोवीस तासांत सरासरी ७५० मिलिलिटरच्या आसपास दूध पितं. काही बाळं बरंच कमी, काही बरंच जास्त. या पाच महिन्यांत हा आकडा फारसा वाढत नाही, कारण वाढीचा वेग हळूहळू मंदावतो. म्हणजे ताशी साधारण ३० मिलिलिटर. आई सकाळी ९ ला निघून संध्याकाळी साडेसहाला परतणार असेल, तर साडेनऊ तास गुणिले ३०, म्हणजे २८५. हे तीन वेळांत विभागलं तर दर वेळी ९० ते १०० मिलिलिटर. चौथी छोटी बाटली ५० ची भरून ठेवली की पाळणाघरातून फोन येत नाही. एकाच मोठ्या बाटलीत सगळं भरू नये. उष्टं झालेलं दूध दोन तासांत संपवावं लागतं, उरलं तर ओतून द्यावं लागतं, आणि तेव्हा फार वाईट वाटतं.

ताजं काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं, पण इथे खोली म्हणजे २५ अंशांपर्यंतची. नागपूरच्या मे महिन्यात तशी खोली कुठून आणायची? आपल्याकडे उन्हाळ्यात काढल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवणं उत्तम. तिथे चार दिवस चालतं. फ्रिजच्या दारात ठेवायचं नाही, मागच्या बाजूला ठेवायचं. फ्रीझरमध्ये सहा महिने चांगलं राहतं, मात्र एकदा वितळलं की चोवीस तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. डब्यावर तारीख लिहायची आणि जुनं आधी वापरायचं. वीज जाणाऱ्या गावांत चार दिवसांचा भरवसा धरू नये.

फ्रिजमधल्या दुधावर साय वेगळी होऊन तरंगते. दूध नासलं असं वाटून ते फेकू नका, हलक्या हाताने घोळवलं की एकजीव होतं. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. मायक्रोवेव्हमध्ये दूध असमान तापतं. बाटली हाताला गार लागते आणि आतला एखादा घोट तोंड भाजणारा असतो. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहावा. तो धड गरमही लागू नये, धड गारही.

६. पहिली बाटली

पहिली बाटली आईने देऊ नये. बाबा, आजी, मावशी, कोणीही चालेल, आणि आईने शक्यतो त्या वेळी घरात थांबू नये. बाळाला आईचा वास कळतो. एडन मॅक्फर्लेन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७५ साली काही दिवसांच्या बाळांच्या डोक्याच्या एका बाजूला स्वतःच्या आईने छातीशी वापरलेली घडी आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या आईची घडी ठेवून पाहिली. बाळं स्वतःच्या आईच्या घडीकडे जास्त वेळ वळत होती. खरं दुकान शेजारच्याच खोलीत उघडं आहे हे नाकाला कळत असताना रबराचं निपल कोण घेईल?

वेळ निवडावी ती अर्ध्या भुकेची. बाळ हात तोंडात घालतंय, मान वळवून शोधतंय, ओठ चाटतंय, पण अजून रडायला लागलेलं नाही. रडणं हा भुकेचा शेवटचा टप्पा आहे, तेव्हा नवीन काही शिकवायला जाऊ नये. निपल सर्वांत कमी वेगाचं घ्यावं. पाकिटावर 'स्लो फ्लो' किंवा नवजातासाठी असं लिहिलेलं असतं. भोक सुईने मोठं करू नये. बाटलीत ३० ते ४० मिलिलिटरच दूध घ्यावं, आईचंच. पहिल्याच दिवशी चवही नवी आणि भांडंही नवं, असं करू नये.

आता बाबांनी काय करायचं ते पाहू. बाळाला जवळजवळ बसतं धरा, डोकं आपल्या कोपराच्या वळणात. निपल ओठांना हलकेच लावा आणि वाट पाहा. आत खुपसू नका, बाळाला तोंड उघडून ते घेऊ द्या. बाटली आडवी धरा, इतकी की निपलमध्ये अर्धंच दूध असेल. पहिलं पाव मिनिट त्याला फारसं काही मिळालं नाही तरी हरकत नाही, छातीवरही असंच असतं. चार-पाच घोट झाले की बाटलीचा मागचा भाग खाली करा, म्हणजे निपल तोंडातच राहील पण दूध मागे जाईल. बाळाला श्वास घेऊ द्या. पुन्हा चोखायला लागलं की पुन्हा आडवी. अर्धं झालं की बाळाला दुसऱ्या हातावर घ्या. ३० मिलिलिटरला दहा मिनिटं लागली तर उत्तम. भुवया वर गेल्या, बोटं ताठ पसरली, ओठांच्या कडेने दूध ओघळू लागलं, तर वेग जास्त आहे, लगेच थांबा. बाळाने तोंड फिरवलं की बाटलीत दहा मिलिलिटर उरलं असलं तरी संपलं. पूर्ण संपवण्याचा आग्रह नको.

याला जगभर पेस्ड फीडिंग म्हणतात. बाटलीला नसलेला पान्हा बाबांच्या मनगटाने आणायचा, एवढाच त्याचा अर्थ. असं पाजलं की बाळाला बाटलीवर छातीपेक्षा फारसं सोपं काही मिळत नाही, आणि छाती सोडण्याचं कारणही उरत नाही. झोपलेल्या बाळाच्या तोंडात उशीच्या आधाराने बाटली ठेवून देऊ नये. ठसका लागतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

बाटली वापरून झाली की लगेच उघडायची, निपल उलटं करून घासायचं, ब्रशने गळा आणि आटे घासायचे, आणि पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळायची. फडक्याने पुसायची नाही, स्वच्छ जाळीवर निथळू द्यायची.

७. घेतलीच नाही तर?

होतं असं. एकदोन दिवस जाऊ द्या, वेळ बदला. सकाळी प्रसन्न असताना द्या, माणूस बदला, बसून घेत नसेल तर फेऱ्या मारत द्या, निपल कोमट पाण्यात बुडवून द्या. दहा मिनिटांत जमलं नाही तर थांबा. रडत्या बाळाच्या तोंडात बाटली कोंबली की त्याला बाटली दिसली तरी रडू येतं आणि काम दुप्पट वाढतं. "उपाशी ठेवा, आपोआप घेईल" हा सल्ला लहान बाळाच्या बाबतीत निष्ठुर तर आहेच, धोक्याचाही आहे.

चार महिन्यांचं बाळ बाटलीला तोंडच लावत नसेल, तर वाटीने पाहा. कितीतरी बाळं बाटली थुंकतात आणि वाटीतून मजेत पितात. आणखी एक गोष्ट घडते: आई गेल्यावर बाळ जेमतेम ६०-७० मिलिलिटर पितं आणि बाकीची भरपाई संध्याकाळी आणि रात्रभर अंगावर पिऊन करतं. आईची झोपमोड होते, पण दिवसाला सहा लघव्या आणि वजन ठीक असेल तर बाळाचं काही बिघडत नाही. लघवी कमी झाली, बाळ मलूल झालं, टाळू खोल गेली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

८. कामावरच्या आईचं काय?

घरी बाळ जितक्या वेळा पितं, तितक्या वेळा आईने दूध काढलं पाहिजे, निदान दर तीन-साडेतीन तासांनी. नाहीतर दुसऱ्या विभागात सांगितलेलं मागणी-पुरवठ्याचं चक्र उलटं फिरतं, छातीत गाठी होतात, ताप येतो. कायद्याप्रमाणे बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळेत नेहमीच्या सुटीशिवाय पाजण्यासाठी दोन सुट्या मिळतात. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करावी लागते आणि तिथे दिवसातून चार वेळा जाता येतं. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही; मागून घ्यावा. प्रवासात असाल तर राज्यातल्या अनेक एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत. काढलेलं दूध बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मल बॅगेत चोवीस तास राहतं, त्यामुळे विरारच्या लोकलमध्ये उभं राहून आणलं तरी वाया जात नाही.

घरी आल्यावर, रात्री आणि सुटीच्या दिवशी मात्र बाळाला छातीलाच घ्या, बाटली कपाटात राहू द्या.

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की बाळ छोट्या पेल्यातून प्यायला शिकू शकतं. तेव्हापासून बाटली कमी करत जावं. वर्षाच्या आसपास, फार तर दीड वर्षापर्यंत, ती पूर्ण बंद करावी. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे पुढचे दात किडतात, आणि दोन वर्षांच्या मुलाची बाटली सोडवणं हे दोन महिन्यांच्या बाळाला ती लावण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं.